पोर्टफोलिओ कोण पाहतो, कसा पाहतो

जाहिरातकलेचा विद्यार्थी तीन-चार वर्षे मुख्यतः एकच गोष्ट शिकत असतो: घाईत असलेल्या अनोळखी माणसाचे लक्ष कसे वेधायचे. साबण, विमा, बिस्किटे, स्कूटर यांच्यासाठी त्याला ते बऱ्यापैकी जमूही लागते. शेवटच्या वर्षी स्वतःसाठी नोकरी शोधायची वेळ आली, की मात्र त्याचा अर्ज वर्गातल्या इतरांच्या अर्जांत मिसळून जातो. ‘सर्जनशील, मेहनती, मिळूनमिसळून काम करणारा’ ही विशेषणे, सॉफ्टवेअरची यादी, कॉलेजच्या महोत्सवातली बक्षिसे आणि सोबत दहा-बारा पोस्टर. हेडलाइनमध्ये गुळगुळीत शब्द आला म्हणून ज्याने सरांची बोलणी खाल्लेली असतात, तोच स्वतःबद्दल लिहिताना एकही गुळगुळीत शब्द सोडत नाही.

साबणाची जाहिरात करताना त्याने आधी गिऱ्हाइकाचा विचार केलेला असतो. अर्ज करताना त्याला फक्त माल दिसतो, म्हणजे तो स्वतः. गिऱ्हाईक कोण, ते कोणत्या अडचणीत आहे आणि कशाला घाबरते, हे पाहायचे राहूनच जाते.

निवडणाऱ्याची अडचण

एजन्सीत कॉपीरायटर किंवा आर्ट डायरेक्टर घ्यायचा असेल, तर शेवटचा शब्द बहुधा क्रिएटिव्ह डायरेक्टरचा असतो. हा माणूस एखादे प्रेझेंटेशन, एखादे शूटिंग आणि क्लायंटचा नाराजीचा फोन यांच्या मधल्या फटीत अर्ज पाहतो. समोरच्या मुलाला ब्रीफ कळते का (ब्रीफ म्हणजे क्लायंटची गरज आणि तिच्या मर्यादा मांडणारे टिपण), पहिली कल्पना नाकारली तर तो दुसरी आणतो की रुसून बसतो, पैसा आणि वेळ कमी असताना त्याचे डोके चालते का, हे त्याला जाणून घ्यायचे असते. यातले काहीच चेहऱ्यावर दिसत नाही. उमेदवाराला स्वतःबद्दल जे ठाऊक असते, ते निवडणाऱ्याला ठाऊक नसते; आणि चुकीचा माणूस घेतला तर त्याचे काम रात्री बसून दुसऱ्याला करावे लागते.

नोकरीच्या बाजारातल्या या अंधारावर अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये एक निबंध लिहिला. याच विषयावरच्या कामासाठी त्यांना २००१ मध्ये जॉर्ज अकरलॉफ आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्याबरोबर अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांचा मुद्दा सोप्या भाषेत असा: गुण थेट दिसत नसले की निवडणारा ‘संकेत’ शोधतो. संकेत विश्वासार्ह ठरतो तो एकाच अटीवर. ज्याच्याकडे तो गुण आहे त्याला संकेत देणे परवडले पाहिजे आणि ज्याच्याकडे नाही त्याला ते जड गेले पाहिजे.

ही फूटपट्टी नेहमीच्या अर्जाला लावून पाहिली की बरेच काही उलगडते. ‘मी सर्जनशील आहे’ हे वाक्य लिहायला सर्जनशील आणि मठ्ठ अशा दोघांनाही सारखेच कष्ट पडतात, म्हणून त्यातून काहीच कळत नाही. पदवी थोडे काही सांगते. पण मुंबई विद्यापीठाचा बीएमएम (आताचा बीएएमएमसी) आणि अप्लाइड आर्टची पदवी घेऊन दरवर्षी इतकी मुले बाहेर पडतात, की पदवीमुळे माणूस रांगेत उभा राहतो, रांगेत पुढे जात नाही. सॉफ्टवेअर येणे हा एकेकाळी मोठा संकेत होता. आज ते गृहीतच धरले जाते.

गेल्या काही वर्षांत आणखी एक संकेत स्वस्त झाला आहे: सफाई. चकचकीत छायाप्रकाश, निर्दोष मांडणी, परदेशी वाटावे असे दृश्य हे सारे कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने चार ओळींच्या सूचनेवर तयार करून देतात. पूर्वी ज्या देखण्या पानामागे आठवड्याची मेहनत आणि कमावलेली नजर आहे असे मानले जाई, त्यामागे आता काय आहे हे पानावरून कळत नाही. त्यामुळे पाहणाऱ्याचे लक्ष अंतिम चित्राकडून त्यामागच्या विचाराकडे सरकू लागले आहे. पेन्सिलीने केलेल्या खरडी, बाद झालेल्या कल्पना आणि त्या का बाद झाल्या याची एक-दोन वाक्ये यांना त्यामुळे पुन्हा किंमत येऊ लागली आहे, आणि ते चांगलेच आहे.

पोर्टफोलिओ पाहण्याची रीत

सर जे. जे. इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड आर्टची मुले मोठी काळी फाइल सांभाळत लोकलच्या गर्दीतून नरिमन पॉइंटच्या किंवा लोअर परळच्या एजन्सीत जात, तो काळ फार जुना नाही. आज ती फाइल म्हणजे एक लिंक असते. बिहान्ससारख्या संकेतस्थळावर (ते २००५ मध्ये सुरू झाले आणि २०१२ मध्ये अडोबीने विकत घेतले) किंवा स्वतःच्या साध्या पानावर काम मांडलेले असते. माध्यम बदलले तरी पाहण्याची रीत तीच राहिली. पहिली एक-दोन कामे नीट पाहिली जातात, मग बोट भराभर सरकू लागते, आणि काही खटकले किंवा आवडले तरच ते थांबते.

हापूसची पेटी घेणारे जुने गिऱ्हाईक वरचा थर पाहून पैसे देत नाही. पेंढा बाजूला सारून खालचे आंबे चाचपते. पोर्टफोलिओही तसाच तपासला जातो. सर्वोत्तम कामाच्या मागे सरांचा हात असेल, नशीब असेल किंवा मित्राची कल्पना असेल, अशी शंका पाहणाऱ्याला असतेच. सर्वांत कमकुवत काम मात्र उमेदवाराची आवडनिवड उघडी करते, कारण ते त्याने स्वतः निवडून ठेवलेले असते. बारा कामांतली सात सामान्य असतील, तर आपले काम सामान्य आहे हे या मुलाला ओळखता येत नाही, असा निष्कर्ष निघतो. पाच-सहा मोहिमा पुरतात. त्यांतली सर्वांत दमदार सुरुवातीला आणि दुसऱ्या क्रमांकाची शेवटी ठेवावी. रांगेतल्या पहिल्या आणि शेवटच्या गोष्टी मधल्यांपेक्षा जास्त लक्षात राहतात, हे स्मरणशक्तीच्या प्रयोगांतून अनेकदा दिसून आले आहे.

स्मरणाचा आणखी एक नियम १९३३ मध्ये हेडविग फॉन रेस्टॉर्फ या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी दाखवला: एकसारख्या गोष्टींच्या ओळीत जी वेगळी असते, ती लक्षात राहते. विद्यार्थी याचा अर्थ बरेचदा रंग, आकार किंवा गमतीदार बायोडेटा असा घेतात. पण ओळ कशाची आहे हे आधी पाहायला हवे. विद्यार्थ्यांच्या पोर्टफोलिओंत धूम्रपानविरोधी पोस्टर, हेल्मेटचे पोस्टर, झाडे वाचवण्याचे पोस्टर आणि एक महागडे अत्तर हे जवळजवळ ठरलेले असते. या विषयांत विद्यार्थ्याची कसोटीच लागत नाही. झाडे वाचवू नका असे म्हणणारा स्पर्धक नसतो, किमतीची अडचण नसते, गिऱ्हाइकाचा संशय नसतो. भावना आयती मिळते आणि एक चमत्कृतीपूर्ण चित्र जमले की काम संपते. फिनाईल, पतसंस्थेची मुदत ठेव, शेतातला पाण्याचा पंप, एसटीची दुपारची रिकामी धावणारी गाडी असले विषय घेतले, की लगेच खरे प्रश्न उभे राहतात. त्यांची उत्तरे शोधणारा विद्यार्थी त्या ओळीत आपोआप वेगळा दिसतो.

एकच सुटे पोस्टर आणि मोहीम यांतला फरकही येथे महत्त्वाचा आहे. एखादी बरी कोटी कोणालाही सुचू शकते. तीच कल्पना छापील जाहिरातीत, दहा सेकंदांच्या रेडिओ जाहिरातीत, रिक्षाच्या पाठीमागे आणि मोबाइलच्या उभ्या पडद्यावर टिकते का, यावरून तिच्यात दम आहे की नाही हे कळते.

चौकट : एक मोहीम, एक पान

समजा, विषय आहे इमारतींच्या पाण्याच्या टाक्या साफ करून देणारी सेवा. पहिली कल्पना सर्वांना सुचते तीच असते: पेल्यात जंतू, आजारी मूल, घाबरलेली आई. थोडे चौकशी करत हिंडल्यावर वेगळेच काही कळते. लोक नळाचे पाणी पाहतात, टाकी कोणी पाहत नाही, कारण ती गच्चीवर असते आणि गच्चीला कुलूप असते. शिवाय खर्चाचा निर्णय घरातली आई घेत नाही. तो सोसायटीची कमिटी घेते आणि चेकवर सही सेक्रेटरीची लागते. म्हणजे जाहिरात शहरभर लावायचे कारण नाही. ती सोसायटीच्या नोटीस बोर्डावर, वार्षिक सभेच्या सूचनेशेजारी हवी. हेडलाइन होते: ‘गच्चीवर शेवटचे कोण गेले होते?’ पोर्टफोलिओच्या पानावर एवढेच यावे: अडचण एका वाक्यात, चौकशीत काय सापडले ते दोन वाक्यांत, मग जाहिराती, आणि शेवटी कॉपी कोणाची, मांडणी कोणाची, छायाचित्र कोणाचे याची प्रामाणिक नोंद. मोहीम काल्पनिक असेल तर तसे स्पष्ट लिहावे.

काल्पनिक कामाची नोंद का हवी

खऱ्या ब्रँडसाठी, पण त्या कंपनीने न सांगता केलेल्या सरावाच्या जाहिरातींना धंद्यात ‘स्पेक’ म्हणतात. विद्यार्थ्याने स्पेक करण्यात गैर काही नाही. दुसरे त्याच्याकडे असणार तरी काय? गैर आहे ते खरे-खोटे धूसर ठेवणे. मार्च २०१३ मध्ये फोर्ड फिगो या गाडीची काही चित्रे इंटरनेटवर झळकली. गाडीच्या डिकीत बांधून ठेवलेल्या स्त्रिया असे त्यांतले दृश्य होते. जेडब्ल्यूटी इंडिया या एजन्सीतल्या लोकांनी केलेले हे काम क्लायंटने मंजूर केलेलेच नव्हते, आणि तरीही ते जाहिरातींच्या एका संकेतस्थळावर चढवले गेले होते. फोर्ड आणि एजन्सीची मूळ कंपनी डब्ल्यूपीपी या दोघांनाही माफी मागावी लागली आणि एजन्सीतल्या काही जणांच्या नोकऱ्या गेल्या. तेव्हापासून ‘हे खरेच प्रसिद्ध झाले होते का?’ हा प्रश्न मुलाखतीत गंभीरपणे विचारला जातो. तिथे अडखळणारा उमेदवार पुढे जात नाही.

कॉपी आणि आर्ट यांच्या पलीकडे

एजन्सीत फक्त लिहिणारे आणि चितारणारे नसतात. क्लायंटशी रोजचा व्यवहार सांभाळणारा क्लायंट सर्व्हिसिंग विभाग असतो, ग्राहकाचा अभ्यास करून दिशा ठरवणारे प्लॅनर असतात, कोणत्या माध्यमावर किती पैसा लावायचा हे ठरवणारे मीडिया प्लॅनर असतात. या जागांसाठी पोर्टफोलिओ लागत नाही, या समजुतीमुळे बरेच विद्यार्थी कोरा बायोडेटा पाठवतात आणि स्वतःचे नुकसान करून घेतात.

पुढे नामवंत जाहिरातकार झालेले डेव्हिड ओगिल्व्ही तरुणपणी ब्रिटनमध्ये घरोघरी जाऊन आगा नावाच्या शेगड्या विकत. विक्री इतकी चांगली होऊ लागली, की कंपनीने त्यांना इतर विक्रेत्यांसाठी मार्गदर्शिका लिहायला सांगितली. ती १९३५ मध्ये तयार झाली. त्यांचे बंधू फ्रान्सिस ‘मॅथर अँड क्रॉदर’ या लंडनच्या एजन्सीत होते. त्यांनी ती वरिष्ठांना दाखवली आणि डेव्हिडना तिथे नोकरी मिळाली. भावाची ओळख कामी आली हे खरे. पण दाखवायला हातात काही होते म्हणून ती कामी आली. गिऱ्हाईक दारात काय बोलते आणि त्यावर काय बोलावे, हे त्या मार्गदर्शिकेत बारकाईने मांडलेले होते. आजच्या विद्यार्थ्याला हे सहज करता येण्यासारखे आहे. आठ दिवस एखाद्या किराणा दुकानात उभे राहून लोक खाद्यतेलाचा ब्रँड कसा बदलतात याची टिपणे काढली आणि त्यावर चार पाने लिहिली, तर प्लॅनिंगच्या जागेसाठी याहून चांगला अर्ज क्वचितच येईल.

एका दाराने आत शिरून दुसरीकडे पोहोचणेही घडते. जाहिरातकार पीयूष पांडे १९८२ मध्ये ओगिल्व्ही या एजन्सीत रुजू झाले ते क्लायंट सर्व्हिसिंगमध्ये. त्यांनी लिहिलेली पहिली छापील जाहिरात सनलाइट डिटर्जंटची होती. क्रिएटिव्ह विभागात ते काही वर्षांनी गेले.

देवनागरीचा फायदा

मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्यांच्या हाती एक संकेत असतो, पण तो वापरायला ते लाजतात. पोर्टफोलिओ सगळा इंग्रजीत, आणि मराठी असलेच तर अनुवादित. मराठी वर्तमानपत्रांत व वाहिन्यांवर येणाऱ्या कितीतरी जाहिराती मुळात इंग्रजीत किंवा हिंदीत सुचलेल्या असतात, आणि त्यांची मराठी ओळ वाचताना दाताखाली खडा यावा तसे होते. ज्याला जाहिरात मराठीतच सुचते, त्याची गरज आहे. आणि हे काम इंग्रजीत तरबेज असलेल्या स्पर्धकाला उसने आणता येत नाही. स्पेन्स यांची अट येथे पुरेपूर पाळली जाते.

अक्षरांचेही तसेच आहे. उल्का या एजन्सीत आर्ट डायरेक्टर राहिलेले र. कृ. जोशी हे सुलेखनकार आणि टंकरचनाकारही होते. संगणकावरचा ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांचाच. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे टंक सर्वांसाठी खुले केले आहेत. साधनांची टंचाई आता नाही. तरी विद्यार्थ्यांच्या कामात रोमन अक्षरांतले अंतर केसाएवढे तपासलेले असते आणि देवनागरीत मात्र ऱ्हस्व-दीर्घासकट सगळे रामभरोसे सोडलेले असते. हे अंतर जो भरून काढेल त्याचे काम चटकन नजरेत भरेल.

ओळखीच्या माणसाची अर्धवट ओळख

‘वशिला लागतो’ हे वाक्य प्रत्येक कॉलेजच्या कट्ट्यावर ऐकू येते. अर्धे खरे असल्यामुळे ते खोडून काढणे अवघड जाते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या २८२ पुरुषांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्याहून अधिक, म्हणजे ५६ टक्के लोकांना नोकरी ओळखीतून मिळाली होती. गंमत पुढे आहे. ज्यांना ओळखीतून नोकरी लागली, त्यांपैकी ती ओळख वारंवार भेटणाऱ्या माणसाची होती असे सांगणारे केवळ १७ टक्क्यांच्या आसपास होते. बाकीच्यांना खबर मिळाली ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्याकडून.

याचे कारण साधे आहे. जवळच्या मित्रांना जे ठाऊक असते, ते आपल्यालाही ठाऊक असते. सगळे एकाच वर्गात, एकाच ग्रुपवर असतात. दूरचा परिचित दुसऱ्या वर्तुळात वावरतो, म्हणून त्याच्याकडे नवी बातमी असते. जाहिरात-धंद्यात बऱ्याच छोट्या जागा जाहिरात न देताच भरल्या जातात, हे विनोदासारखे वाटले तरी खरे आहे. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी कॉलेजातून गेलेली ताई, कॉलेजात एकदाच येऊन गेलेले पाहुणे व्याख्याते, इंटर्नशिपमध्ये शेजारच्या टेबलावर बसणारा दादा यांचे मोल शंभर अनोळखी अर्जांपेक्षा जास्त असते.

अशा परिचिताकडे थेट नोकरी मागितली, की त्याला एकच उत्तर देता येते: सध्या जागा नाही. ‘या दोन मोहिमांतली कोणती ठेवू आणि कोणती काढू?’ असे विचारले, तर त्याला काम पाहावे लागते. सुचवलेली दुरुस्ती करून महिन्याभराने तेच काम पुन्हा दाखवले, की एक मौल्यवान गोष्ट सिद्ध होते: हा मुलगा ऐकतो आणि बदलतो. जागा निघाली की नाव आठवते ते अशांचेच.

स्पर्धाही याच कामी येतात. लंडनच्या डी अँड एडी संस्थेचा ‘न्यू ब्लड’ आणि न्यूयॉर्कच्या वन क्लबची विद्यार्थी स्पर्धा यांत खऱ्या ब्रँडची ब्रीफ मिळतात आणि परीक्षण धंद्यातले लोक करतात. पारितोषिक नाही मिळाले, तरी खऱ्या ब्रीफवरचे एक काम पोर्टफोलिओत राहते.

सहा डॉलरची युक्ती

लक्ष वेधण्यासाठी केलेल्या करामतींत सर्वाधिक सांगितली जाते ती न्यूयॉर्कच्या अलेक ब्राउनस्टीन या कॉपीरायटरची. हे २०१० च्या सुमाराचे. मोठे क्रिएटिव्ह डायरेक्टर स्वतःचे नाव गूगलवर शोधत असणार, असा त्याचा तर्क होता. त्याने अशा पाच जणांची नावे जाहिरातीसाठी विकत घेतली. त्या नावांवर बोली लावायला दुसरे कोणीच नसल्याने ती कवडीमोलाने मिळाली. त्यांच्यापैकी कोणी स्वतःचे नाव शोधले, की वर ब्राउनस्टीनची ओळ दिसे: मला नोकरी द्या. चौघांनी मुलाखतीला बोलावले, दोघांनी नोकरी देऊ केली, आणि तो यंग अँड रुबिकम या एजन्सीत रुजू झाला. एकूण खर्च सहा डॉलर.

या करामतीचे यश धाडसात शोधले जाते, पण धाडस त्यात फारसे नव्हतेच. योग्य पाच माणसे, ती एकटी आणि स्वतःच्या विचारात असतात तो नेमका क्षण, आणि माध्यमाच्या किमतीचे अचूक ज्ञान, हे सगळे त्या एका ओळीत होते. चांगल्या मीडिया प्लॅनचे हेच गुण. करामत हीच कामाचा नमुना होती. याउलट एजन्सीत केक पाठवणे, रिसेप्शनवर ठाण मांडणे किंवा ‘दारात पाय ठेवला आहे’ अशा चिठ्ठीसह एकच बूट पाठवणे (परदेशात ही युक्ती घासून गुळगुळीत झाली आहे) यांतून उमेदवाराच्या विचारशक्तीविषयी काहीच कळत नाही. नाव मात्र लक्षात राहते, आणि तेच अंगाशी येते.

पाठवण्याची तांत्रिक बाजू

बहुतेकांचे काम येथे अडते, आणि तेही क्षुल्लक कारणांनी. ईमेलच्या विषयात ‘जॉब अॅप्लिकेशन’ ऐवजी पद, भाषा आणि नाव असावे: ‘ज्युनिअर कॉपीरायटर, मराठी व हिंदी’. मजकूर पाच-सहा ओळींचा. त्यातली एक ओळ त्याच एजन्सीच्या एखाद्या कामाबद्दल असावी, आणि ती स्तुतीची असण्यापेक्षा निरीक्षणाची असावी. लिंक एकच. ती पासवर्डशिवाय, परवानगी न मागता, मोबाइलवर उघडली पाहिजे. पाठवण्यापूर्वी दुसऱ्याच्या फोनवर उघडून पाहणे हा दोन मिनिटांचा उपाय आहे. तीस एमबीची पीडीएफ कोणी उतरवून घेत नाही. उत्तर आले नाही, तर दोन आठवड्यांनी एकदा विचारावे, तेही शक्यतो नव्या कामासह. त्यानंतर काही महिने थांबावे.

प्रतिसाद आलाच, तर पुढची पायरी बहुधा चाचणीची असते. कॉपी टेस्टमध्ये दहा-बारा छोटे प्रश्न येतात: एखाद्या कंटाळवाण्या वस्तूसाठी वीस हेडलाइन लिहा, आंधळ्या माणसाला पिवळा रंग समजावून सांगा, अशा धर्तीचे. वीस हेडलाइन मागण्यामागे हेतू असतो. पहिल्या सात-आठ सर्वांच्या सारख्याच निघतात. उमेदवाराची स्वतःची ओळ त्यानंतर कुठेतरी येते. त्यामुळे बारावर थांबणाऱ्याने चाचणीचा मुख्य भाग सोडलेला असतो. कधी चाचणी म्हणून चालू क्लायंटचे पूर्ण काम विनामोबदला मागितले जाते. अशा वेळी कामाची व्याप्ती किती, मुदत किती आणि निवड झाली नाही तर कल्पना कोणाची, हे लेखी विचारून घेणे रास्त आहे. नीट चालणाऱ्या एजन्सीला या प्रश्नाचा राग येत नाही.